वॉशिंग्टनचे फर्मान आणि लातूरची आडत

२०२५ सालच्या अंकासाठी संपादकांनी ‘सत्ता आणि सामान्य माणूस’ हा विषय ठरवला आणि अमेरिकेच्या वर्तमान राजकारणाविषयी काही लिहावे अशी इच्छा व्यक्त केली, तेव्हा पुस्तकांच्या कपाटाकडे वळण्याआधी माझे मन लातूरच्या बाजार समितीच्या आवाराकडे वळले. कारण ज्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाने एका रात्री काढलेल्या आदेशाची चर्चा दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या जिल्ह्यातील सोयाबीनच्या सौद्यात होते, त्या देशाचे राजकारण आपल्याला परके राहिलेले नाही, आणि ते समजून घ्यावयाचे तर जेथे ते येऊन पोचते तेथे जाऊन पाहिले पाहिजे.

पोटलीतला भाव

सप्टेंबर महिन्यातल्या ज्या सकाळी मी आवारात गेलो, त्या सकाळी आभाळ भरून आलेले होते आणि मांजरा व तेरणा यांच्या काठच्या शिवारांत उभी पिके पाण्यात असल्याच्या बातम्या प्रत्येकाच्या तोंडी होत्या. नव्या सोयाबीनची आवक तुरळकच होती. जी पोती उतरत होती, त्यांतील बरीचशी गेल्या हंगामातली, म्हणजे भाव वाढेल या आशेने वर्षभर घरातल्या ओसरीत थप्पी लावून ठेवलेली आणि आता मुलांच्या फीसाठी किंवा दवाखान्यासाठी नाइलाजाने बाहेर काढलेली होती. औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे आठ-दहा कट्टे सोयाबीन एका आडत दुकानापुढे उतरत असताना मी तेथे उभा राहिलो. हमालाने कट्ट्याचे तोंड उसवले, मुनीमाने पाटीभर माल बाहेर काढला, आणि खरेदीदाराच्या माणसाने मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली, काडीकचरा उडवला, दोन दाणे दाढेखाली धरले आणि मगच आर्द्रता मोजण्याच्या यंत्रात नमुना टाकला. दाण्याचा आवाज कसा येतो यावरून त्याला ओलावा कळतो. यंत्र लागते ते शेतकऱ्याची खात्री पटावी म्हणून. डागी दाणे किती, माती किती, फुटका माल किती, हे सारे दोन मिनिटांत ठरले.

भाव मात्र तेथे ठरला नाही. तो पोटलीच्या सौद्यात पुकारला गेला, आणि त्या पुकाऱ्याची मर्यादा आदल्या संध्याकाळीच तेलगिरण्यांनी जाहीर केलेल्या प्लांटच्या दराने घालून दिलेली होती. त्या दराच्या मागे देशातली पेंडीची मागणी होती, बंदरावर उतरणाऱ्या तेलाची किंमत होती, आणि त्या किमतीच्याही मागे १८४८ साली शिकागो शहरात स्थापन झालेला तो वायदेबाजार होता, ज्याचे आकडे आता प्रत्येक आडत्याच्या मोबाइलवर रोज रात्री झळकतात. केंद्र सरकारने २०२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवलेला होता. त्या सकाळचा सौदा त्याहून बराच खाली निघाला. शेतकऱ्याने पट्टी हातात घेतली, हमाली-तोलाईची वजावट बोटाने तपासली, आणि आडत्याला म्हणाला, “शेठ, ट्रंप काय म्हन्ला म्हनं राती?” आडत्यानेही तितक्याच सहजपणे उत्तर दिले, “काही सांगता येत नाही बघा मामा. सकाळी एक, संध्याकाळी एक.”

दाण्याचे दोन भाग

हा संबंध नेमका कसा जडतो, हे समजावून सांगणे आवश्यक आहे. कारण शहरातल्या वाचकास तो अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. सोयाबीनचा दाणा गिरणीत गेला की त्यातून साधारण १८ टक्के तेल आणि उरलेली बहुतांश पेंड निघते. तेल आपण खातो. पेंड कोंबड्या खातात किंवा ती परदेशी जाते. तेव्हा सोयाबीनचा भाव हा पेंडीच्या भावाचा आणि तेलाच्या भावाचा मिळून बनतो, आणि या दोहोंपैकी एकही लातूरच्या हातात नाही.

तेलाचे पाहू. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातला निम्म्याहून अधिक हिस्सा बाहेरून येतो: पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. त्यावर सरकार किती आयातशुल्क बसवते यावर देशी तेलबियांचे भवितव्य अवलंबून असते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेण्यात आले, तेव्हा मराठवाड्यात समाधान व्यक्त झाले. मे २०२५ च्या अखेरीस, पेरणीच्या अगदी तोंडावर, तेच शुल्क १० टक्क्यांवर आणण्यात आले. शहरातल्या गृहिणीला तेल स्वस्त मिळावे हा हेतू वाईट नव्हे. परंतु बियाण्याची बॅग विकत घेऊन ठेवलेल्या शेतकऱ्याला तो निर्णय पेरणीच्या आधी चार महिने कळता, तर तो कदाचित तुरीकडे वळला असता.

पेंडीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि तीत अमेरिका अधिक खोलवर शिरलेली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जून २०२५ मध्ये इंधनात मिसळावयाच्या जैविक डिझेलचे प्रमाण वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. सोयातेलाला मागणी वाढणार म्हणून शिकागोला तेल भडकले. तेलासाठी अधिक दाणा गाळायचा म्हणजे पेंडही अधिक निघणार, आणि ती जगाच्या बाजारात स्वस्तात विकली जाणार. मग भारताची पेंड, जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याची असूनही, त्या भावाशी स्पर्धा कशी करील? त्यातच देशात मका आणि तांदूळ यांपासून इथेनॉल गाळणाऱ्या कारखान्यांतून निघणारा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात सोयापेंडीची जागा घेऊ लागला आहे. वॉशिंग्टनमधल्या एका दप्तरात जैविक डिझेलविषयी निघालेला मसुदा आणि दिल्लीत आखलेले इथेनॉलचे धोरण, हे दोन्ही प्रवाह लातूरच्या आवारात, त्या आठ-दहा कट्ट्यांपाशी एकत्र येतात.

आणि अमेरिकेचा आग्रह आहे तो याच्याही पुढचा. तेथील सोयाबीन आणि मका यांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जनुकीय बदल केलेल्या बियाण्याचा आहे. आपल्याकडे अशा बियाण्याला लागवडीची परवानगी आहे ती केवळ कापसासाठी, २००२ पासून. अशा सोयाबीनचे तेल आपण आयात करतो, दाणा मात्र अडवतो. भारतात एवढे लोक राहतात आणि ते आमचा मका विकत घेत नाहीत, अशी तक्रार अमेरिकेचे व्यापारमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीरपणे केली. त्याआधी ऑगस्टमध्ये भारतीय मालावर २५ टक्के आणि रशियन तेलाच्या खरेदीबद्दल आणखी २५ टक्के असा जबर कर बसलेला होता. शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही असे पंतप्रधानांनी ७ ऑगस्टला सांगितले, ते बरेच झाले. पण त्याच महिन्यात परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वर्षअखेरपर्यंत उठवण्यात आले, आणि मराठवाड्यातला कापूस उत्पादक विचारू लागला की आपण या वचनात मोडतो की नाही.

आयोवाचा शेतकरी

अमेरिकेचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठी यंत्रे, सरकारी अनुदाने आणि संपन्न शेतकरी उभा राहतो. अमेरिकेतले सरासरी शेत साडेचारशे एकरांहून मोठे, आपल्याकडचे पावणेतीन एकरांच्या आत, तुलनाच नाही. तरीही गेल्या काही महिन्यांतल्या घडामोडी वाचताना त्या परक्या शेतकऱ्याविषयी मला विलक्षण आपुलकी वाटू लागली आहे.

अमेरिकेच्या निर्यातीतले निम्म्याहून अधिक सोयाबीन चीन घेत असे. २०१८ च्या जुलैमध्ये ट्रंप यांच्या पहिल्या कारकिर्दीत करयुद्ध पेटले, चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के कर बसवला आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. तेव्हा सरकारने आपल्या शेतकऱ्यांना सुमारे २८ अब्ज डॉलरांची भरपाई जाहीर केली. २०२५ मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला, आणि आयोवा, इलिनॉय, मिनेसोटा या राज्यांत सप्टेंबरची कापणी सुरू झाली तरी चीनने नव्या पिकाची एकही बोट नोंदवलेली नव्हती. तेथील सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेने ऑगस्टमध्येच राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून आपण कड्याच्या टोकावर उभे आहोत असे कळवले. त्यानंतर अर्जेंटिनाने निर्यातकर तात्पुरता उठवला आणि चीनने तेथून मोठी खरेदी केली. आणि त्याच आठवड्यात अमेरिकेच्या अर्थखात्याने त्याच अर्जेंटिनाला २० अब्ज डॉलरांचा आधार देण्याची भाषा केली. आपल्या मतावर निवडून आलेले सरकार आपल्या प्रतिस्पर्ध्याला मदत करताना पाहणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या मनात काय आले असेल?

त्या ग्रामीण भागांनी ट्रंप यांना भरभरून मते दिली, तेव्हा ते आता आपल्या कर्माची फळे भोगत आहेत, असे समाधान मानणारे सुशिक्षित लोक मला पुण्या-मुंबईतही भेटतात. ते समाधान मला मान्य नाही. ओस पडत चाललेली गावे, शहरांत निघून गेलेली मुले, कर्जाचे हप्ते आणि आपल्याकडे कोणी पाहत नाही ही मनात घर करून बसलेली भावना, या सर्वांना ज्याने वाचा फोडली त्याला त्यांनी मत दिले. औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याला ही भावना समजावून सांगावी लागत नाही. त्या भावनेचा उपयोग करून घेणारा पुढारी त्यांचे दुःख निवारतो की नाही, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर २०२५ च्या रिकाम्या बोटींनी दिलेले आहे. भरपाईची रक्कम येते, निवडणुकीपर्यंत पुरते. गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही. आपल्याकडे भावांतराची, म्हणजे हमीभावातला फरक भरून देण्याची, घोषणा होते, ती पुढच्या हंगामापर्यंत लोक आठवत राहतात. दोन्ही शेतकरी आपल्या मालाच्या भावाचे धनी नाहीत, आणि दोघांनाही निर्णय झाल्यावर कळवले जाते.

करोडगिरी आणि काँग्रेस

लातूरला जकातीचे महत्त्व नव्याने शिकवण्याचे कारण नाही. निजामाच्या अमलात हे गाव उस्मानाबाद जिल्ह्यातले, हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीजवळचे. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे येथवर पोचली आणि गोलाईच्या सोळा रस्त्यांभोवती वाढलेला धान्याचा आणि कापसाचा व्यापार इंग्रजी मुलखातल्या बार्शीशी जोडला गेला. त्या दोन मुलखांच्या मध्ये करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. कशावर किती महसूल घ्यायचा, हे हैदराबादच्या दरबारातून ठरत असे आणि फर्मानाने कळवले जाई. ज्याच्या गाठोड्यावर तो बसे त्याला विचारण्याची रीत नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ज्यांनी तुरुंगवास सोसला, ते जबाबदार राज्यपद्धतीसाठी लढत होते, म्हणजे कर बसवणाऱ्याने करदात्याच्या प्रतिनिधीला जाब दिला पाहिजे एवढ्या साध्या तत्त्वासाठी.

अमेरिकेचा जन्मही याच तत्त्वासाठी झाला. चहावरच्या करावरून बोस्टनच्या बंदरात जो उठाव झाला, त्याच्या आठवणीनेच १७८७ च्या राज्यघटनेत कर आणि जकाती बसवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे न देता काँग्रेसकडे, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभेकडे, दिला गेला. ट्रंप यांनी २ एप्रिल २०२५ रोजी जगातल्या बहुतेक देशांवर कर जाहीर केले, ते १९७७ च्या एका आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन. त्या कायद्यात जकातीचा उल्लेखसुद्धा नाही. न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २८ मे रोजी हे कर बेकायदा ठरवले. अपील न्यायालयानेही २९ ऑगस्टला, सात विरुद्ध चार अशा बहुमताने, तेच म्हटले. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि नोव्हेंबर २०२५ च्या प्रारंभी त्याची सुनावणी झाली. पण ज्या सभेचा अधिकार काढून घेतला गेला, त्या सभेतील बहुमताने तो परत मिळवण्यासाठी फारसे काही केले नाही, ही गोष्ट मला न्यायालयाच्या निकालापेक्षा अधिक गंभीर वाटते. भयाने किंवा लाभाने गप्प बसलेले प्रतिनिधिगृह कोणत्याही हुकूमशहाला पुरेसे असते.

त्या शांततेत जे काही आवाज उठले, त्यांतला एक मराठी आहे. बेळगावात वाढलेले, मिशिगनमधून निवडून आलेले श्री. श्री ठाणेदार यांनी २८ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्षांवर सात कलमांचा महाभियोग दाखल केला. मे महिन्यात त्यावर तातडीच्या मतदानाचा आग्रह त्यांनी सोडला, कारण त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांना ती वेळ योग्य वाटत नव्हती. त्यांच्या डावपेचांविषयी मतभेद असू शकतील. एका स्थलांतरित माणसाला राष्ट्रप्रमुखाविरुद्ध लेखी आरोप ठेवता येतो आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात जाऊन बसता येते, ही अमेरिकेची अजून शाबूत असलेली ताकद आहे, आणि तिचे मोल आपण ओळखले पाहिजे.

ओळखले पाहिजे ते स्वतःकडे पाहतानाही. लातूरच्या व्यापाऱ्यांना २०२१ चे वर्ष विसरता येत नाही. त्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले होते. ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकीय सोयापेंड आयात करण्यास परवानगी मिळाली. त्यानंतर नव्या पिकाची आवक सुरू झाली आणि भाव जवळजवळ निम्म्यावर आले. डिसेंबरमध्ये सोयाबीनचा वायदाच स्थगित झाला. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने सरकारला अधिसूचनेद्वारे शुल्क बदलण्याची मुखत्यारी दिलेली आहे, म्हणून हे सारे कायद्यात बसते. पण मराठवाड्यातल्या लाखो कुटुंबांच्या वर्षाचे उत्पन्न ठरवणाऱ्या निर्णयावर संसदेत आधी एक दिवसाचीही चर्चा होत नसेल, तर अमेरिकेच्या काँग्रेसला नावे ठेवताना आपणही थोडे थांबायला हवे. खाद्यतेलाचे शुल्क वर्षातून एकदाच, पेरणीच्या पुरेसे आधी, लोकसभेपुढे ठरावे आणि काढणीपर्यंत त्याला हात लागू नये, ही आडत्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी असलेली मागणी मला अत्यंत वाजवी वाटते.

लाल मिलो

साठीच्या पुढचे कोणीही भेटले की अमेरिकेचा विषय बहात्तरच्या दुष्काळावर येतो. रेशनवर मिळालेली ती अमेरिकन लाल मिलो ज्वारी, तिची चिकट-कडवट भाकरी, खडी फोडण्याच्या कामांवर वाटली जाणारी सुकडी. रेणापूरकडच्या एका आजींनी मला सांगितले की त्या भाकरीने पोट दुखे, पण ती नसती तर थोरल्या मुलाचे काय झाले असते कोण जाणे. त्या मदतीत अमेरिकेचा हिशेब होताच: १९५४ च्या सार्वजनिक कायदा ४८० अन्वये येणारा गहू हा तेथील अतिरिक्त धान्याला बाजार मिळवून देणारा होता, आणि साठच्या दशकात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो भारताच्या परराष्ट्रधोरणाला वेसण म्हणूनही वापरला. महाराष्ट्राने त्यातून धडा घेतला. वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना त्याच दुष्काळात रुजली.

असे असूनही, १९६१ मध्ये केनेडी यांनी स्थापलेली अमेरिकेची परदेशी मदतीची यंत्रणा १ जुलै २०२५ रोजी अधिकृतपणे बंद झाली, हे वाचून मी अस्वस्थ झालो. आपल्याला आज त्या धान्याची गरज नाही. आफ्रिकेतल्या ज्या माउलीला आहे, तिची गरज रेणापूरच्या आजींहून निराळी नाही.

कोलंबियाची वाट

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी काळ्या माणसाला दास्यातून मुक्त केले होते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, आणि समतेच्या वर्गात कोणीही शेजारी बसू शकतो याचा अनुभव त्यांनी तेथे घेतला. त्यांनी १९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयातून मराठवाड्यातल्या दलितांच्या पिढ्या शिकल्या. अमेरिकेविषयी आपल्या मनात जो आदर आहे, त्यातला एक मोठा प्रवाह या वाटेने आलेला आहे.

त्याच कोलंबियाचे ४० कोटी डॉलरांचे अनुदान मार्च २०२५ मध्ये सरकारने रद्द केले, आणि जुलैमध्ये २० कोटींहून अधिक डॉलर भरण्याचे व स्वतंत्र निरीक्षकाची देखरेख स्वीकारण्याचे विद्यापीठाने मान्य केले. मेच्या अखेरीस परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबल्या. जूनमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या त्या अशा अटीवर, की अर्जदाराने आपली समाजमाध्यमांवरची खाती अधिकाऱ्यांसाठी उघडी ठेवावीत. १९ सप्टेंबरच्या शुक्रवारी नोकरीसाठीच्या एच-१बी परवान्यावर एक लाख डॉलरांचे शुल्क जाहीर झाले. शनिवारी लातूरच्या ज्या घरांत पोरगा किंवा सून तिकडे आहे, त्या घरांत फोन थांबले नाहीत: सुट्टीवर आलेल्याने आजच विमान पकडायचे की काय, मुलांची शाळा, घराचे हप्ते. हे शुल्क केवळ नव्या अर्जांना लागू आहे असा खुलासा झाला तो त्यानंतर. असे परवाने मिळवणाऱ्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीय असतात, आणि ‘लातूर पॅटर्न’च्या शिक्षणाने घडवलेली कित्येक मुले त्यांत आहेत. परदेशी माणसाला भीती घालून आपल्या माणसाला नोकरी मिळते, हा समज आपल्याकडेही परप्रांतीयांविषयी बोलताना ऐकू येतो. तो तेथे जितका चुकीचा, तितकाच येथे.

शहरातल्या एका अभ्यासिकेत मला उदगीर तालुक्यातली एक विद्यार्थिनी भेटली. वडील बांधकामावर जातात. ती समाजशास्त्रात पदवीधर आहे आणि राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करण्याची तयारी करते आहे. त्या शिष्यवृत्तीच्या जागा राज्यभरात मिळून ७५, म्हणून निवड करताना चूक परवडत नाही. जातीविषयी, पॅलेस्टाइनविषयी, शेतकरी आंदोलनाविषयी तिने गेल्या चार वर्षांत जे लिहिले, ते सर्व आता पुसून टाकावे असे तिला काहींनी सुचवले. तिने पुसलेले नाही. जेथे बाबासाहेब शिकले त्या कोलंबियात जाऊन शिकायचे, असे ती नववीत असल्यापासून वडिलांना सांगत आली. या वर्षी तिने केलेल्या यादीत पहिले नाव लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे आहे, दुसरे नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाचे, आणि कोलंबिया तिसऱ्या क्रमांकावर.